सोलरच्या टाकीमागचा डबा

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. मुलाला ठाऊक नाही. बहिणीला सांगणार होते, ती गेली. देवापुढे रोज बसते, पण त्यालाही सरळ शब्दांत सांगितलेलं नाही – त्याला माहीत असेलच, असं म्हणते आणि उदबत्ती लावून उठते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

पण लगेच नाही जमणार. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलावं लागेल.

मी चौथी शिकलेली बाई. निपाणीजवळच्या खेड्यात मराठी शाळा होती, तिथे चार यत्ता झाल्या, मग घरी बसवलं, मग लग्न लावून बेंगळुरूला धाडलं. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरी मराठीच बोलायचे, पण निम्मं कन्नड. सासू म्हणायची, "स्वल्प मीठ घाल गं." मला वाटायचं स्वल्प ही कसली भाजी? आता मीही तसंच बोलते. मालकांचं चिकपेटात कापडाचं दुकान होतं. ते गेले, दुकान विकलं, जयनगरचं हे घर राहिलं आणि घरात मी.

मुलगा आहे. परदेशात नाही, हे लक्षात घ्या – ह्याच गावात, इलेक्ट्रॉनिक सिटीत. पण ट्रॅफिक आहे ना. अमेरिकेतली मुलं वर्षातून एकदा तरी येतात, त्यांना ट्रॅफिक लागत नाही. माझ्या मुलाने एकदा येऊन मला एक टॅब दिला. म्हणाला, "आई, ह्यात सगळं जग आहे, बघत बस." म्हणजे काय, तर मला सारखा फोन करू नकोस. मला अर्थ कळला. मी जग बघत बसले.

त्यात बायका स्वयंपाक करताना दिसायच्या. कुठल्या कुठल्या देशातल्या. काय बोलतात ते कळत नव्हतं, खाली काय लिहिलंय तेही वाचता येत नव्हतं, म्हणून मी आवाज बंद करून नुसते त्यांचे हात बघायची. हाताला भाषा लागत नाही. पीठ किती सैल, कांदा कुठल्या रंगावर आला, झाकण कधी ठेवलं – हे मला सांगावं लागत नाही. मग मी करून बघायला लागले. दर रविवारी एक देश. पदार्थाचं नाव लक्षात राहायचं नाही, देश राहायचा. इटलीच्या मैद्याच्या पट्ट्या मी गॅलरीत साड्यांच्या दोरीवर वाळवल्या. रशियाचं ते बीटाचं सार – बरं लागतं, पण फोडणीशिवाय सार म्हणजे अंघोळीनंतर तसंच बसून राहिल्यासारखं. मेक्सिकोची भाकरी आपल्यापेक्षा लहान, आणि मिरवणं केवढं!

एकटीसाठी करता येत नाही हो. हाताला सवय नाही. चार माणसांचं होतंच. मग डबे भरायचे आणि बिल्डिंगमध्ये वाटायचे.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची बिल्डिंग लहान, तीन मजली, आणि आम्ही सोडून सगळे शाकाहारी, सोवळ्याओवळ्याचे लोक. आम्ही मराठे. घर घेताना मालकांनी शब्द दिला होता की मांस-मासळी घरात शिजणार नाही. मी शिजवत होते, खिडक्या लावून. सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं करायचे. वागायला चांगले. हाक मारायचे, "अक्का, काय चाललंय?" सणाला फळं घ्यायचे, नारळ घ्यायचे, पानसुपारी घ्यायचे. पण माझ्या घरचं शिजवलेलं अन्न – नाही. किती वर्षं? सगळी वर्षं. दिवाळीचा डबा समोरची वत्सला हसतमुखाने घ्यायची आणि संध्याकाळी तो कामवालीच्या पिशवीत दिसायचा. एकदा नाही, दर दिवाळीला. मी कधी बोलले नाही. काय बोलणार?

आणि मग मी इटली केलं. वत्सलाच्या नातवाने दारातच डबा उघडून खाल्ला. म्हणाला, "अज्जी, हॉटेलपेक्षा भारी!" वत्सलाने घास चाखला. मी बघत होते. तिने गिळला. दुसरा घेतला.

मला तेव्हा कळलं की फॉरेनच्या पदार्थाला जात नसते. माझ्या हातची चपाती त्यांना चालत नव्हती, पण माझ्याच हातचं इटली चाललं. हसायचं की रडायचं? मी ना हसले ना रडले, पुढच्या रविवारी ग्रीस केलं. हळूहळू सगळे खायला लागले. गणपतीच्या जेवणात म्हणायला लागले, "अक्का, ह्या वेळी कुठला देश?" खालच्या मजल्यावरचे नागराजण्णा – बँकेतून रिटायर झालेले, बिल्डिंगचे सेक्रेटरी, गच्चीवरची खोलीही त्यांचीच – ते मला फॉरेन अक्का म्हणायला लागले. मला ते फार आवडायचं. आता लपवून काय उपयोग? आवडायचं.

पण खातात म्हणजे घरात येतात असं नाही. डबा दारात घ्यायचे, दारात परत द्यायचे. "सुपर, अक्का!" – आणि गेले. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून कुणी खाल्लं, असं झालं नव्हतं.

झालं, ते बिसीमुळे.

बिसी नायजेरियाची. फार्मसी शिकायला आलेली. नागराजण्णांची गच्चीवरची खोली बरेच दिवस रिकामी होती, भाड्याची गरज होती, म्हणून दिली तिला. कन्नडमध्ये बिसी म्हणजे गरम, पहिले काही दिवस वॉचमन तिला बघून हसायचा, "काफी बिसी, बिसी बिसी." ती पण हसायची. उंच, काळी, आवाज मोठा. चालली की माझ्या छतावर पावलं ऐकू यायची. मला बरं वाटायचं, वर कुणीतरी आहे म्हणून. मी एका रविवारी टॅबवर शोधायला लावून – पेपरवाल्याला सांगितलं, नायजेरिया टाइप कर – त्यांच्याकडचा लाल भात केला आणि वर घेऊन गेले.

तिने एक घास खाल्ला. डोळे मिटले. मला वाटलं, आवडला. मग म्हणाली, "अक्का, धिस इज टोमॅटो राइस."

आणि असं हसली की मला राग यायच्या आत मीही हसले. दुसऱ्या दिवशी खाली आली, न विचारता माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि तोच भात माझ्याकडून परत करून घेतला. मी ढवळायला गेले की हातावर चापट. तळाला लागू दिला तिने मुद्दाम! म्हणाली, हीच तर गंमत. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून पातेल्यातली खरपुडी खरवडून खाल्ली. ती तिच्या इंग्रजीत बोलत होती, मी माझ्या मराठीत. कळत होतं सगळं. न कळायला काय झालं?

त्यानंतर ती येत राहिली. कॉलेजातून आली की जिन्यातूनच हाक – "अक्का, आय ॲम हंग्री!" पोट भरलं की "साकु, साकु", म्हणजे पुरे. हा शब्द तिला मीच शिकवलेला. माझे केस विंचरून द्यायची. मी गुडघ्याला तेल लावायला घेतलं की माझ्या हातातून वाटी काढून घ्यायची. माझ्या मुलाने मला शेवटचा हात कधी लावला ते मला आठवत नाही. नमस्कार करतो, तो बोटांच्या टोकांनी.

आता डब्याबद्दल सांगते.

जपानी लोक सोयाबीन उकडून भाताच्या पेंढ्यात गुंडाळतात आणि उबेला ठेवतात. दाणे आंबतात, तार सुटते, भातावर घालून खातात. मी हात बघितले, सोपं वाटलं. पेंढा आणला चिकपेटातून. मालकांच्या दुकानाशेजारी काचसामानाचा व्यापारी आहे, त्याच्या खोक्यांत असतो. उकळून घेतला, दाणे बांधले, पुडकी स्टीलच्या मोठ्या डब्यात घातली. ऊब कुठली आणायची? गच्चीवर सोलरची टाकी आहे, पाणी तापवायची. तिच्या मागच्या बाजूला हात लावला तर छान कोमट. तिथे डबा ठेवला, वरून जुनं धोतर गुंडाळलं. बिसी कपडे वाळत घालत होती. आली, वाकून बघितलं, आणि तिला काही आठवलं. तिच्या आजीबद्दल सांगायला लागली. आजी गावी एका झाडाच्या बिया अशाच आंबवते. तिने नाक दाबून दाखवलं – इतका वास! मग मूठ करून कुटल्यासारखं केलं. मग बोटांची टोकं ओठांना लावली – इतकी चव! तीन खुणा केल्या आणि एकाएकी दोरीकडे वळली. दोरीवरचं फडकं उगाच सारखं करत राहिली. आजी लांब होती ना.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हे मुद्दाम सांगते. ठेवला होता मी हात.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. दसऱ्याची सुट्टी होती, त्याची बायको माहेरी गेलेली, जेवणाचे हाल. "आई, चल ना आठवडाभर." मी विचारलंसुद्धा नाही की बायको असताना का नाही बोलावत. पिशवी भरली आणि गाडीत बसले. तिथे चौदाव्या मजल्यावर त्याला पोहे करून घाल, पिठलं करून घाल, इतकी मग्न की डबा डोक्यातून गेला. साफ गेला. दाणे दोन दिवसांत उतरवायचे होते. वर ऊन कडक, टाकी तापलेली.

आठवड्याने परत आले. रिक्षातून उतरले, गेटमध्ये पाऊल टाकलं, आणि वास आला. आंबल्याचा नाही – सडल्याचा. पहिल्या जिन्यात मला कळलं तो कशाचा आहे. हे नीट ऐका. मला संशय आला असं नाही. मला कळलं. मी दाण्याचा वास ओळखते.

आमच्या मजल्यावर वत्सला पदर नाकाला लावून उभी. "अय्यो अक्का, बरं झालं आलात! चार दिवस घास उतरत नाही. ती वरची काय शिजवतेय देव जाणे. मेलेलं जनावर असणार."

मी म्हणाले, "बघू तरी." पिशवी तशीच हातात घेऊन वर चढले. माझ्या मनात काय होतं? खरं सांगते, तोवर मनात हेच होतं की वर जायचं, डबा काढायचा, आणि म्हणायचं, अहो, हा माझाच उद्योग. चार जण हसतील, चार जण नाक मुरडतील. संपलं.

वर सगळे जमले होते. बिसीच्या खोलीचं दार सताड उघडं, तिचं सामान बाहेर काढून बघितलेलं. कपड्यांच्या ढिगावर तिची आतली वस्त्रंसुद्धा. तिच्या गावाहून आलेल्या सुक्या कोळंबीची छोटी पुडी एकाने कागदात धरून ठेवली होती, पुरावा म्हणून. आता सुक्या कोळंबीचा वास मी जन्मापासून ओळखते, तो हा नव्हेच. कुणालाही नाक असतं तर कळलं असतं. बिसी भिंतीला टेकून उभी होती. "नॉट मी, सर. आय डोन्ट नो, सर." एवढंच म्हणत होती.

आणि तिला ठाऊक होतं. डबा तिच्यासमोर ठेवलेला. टाकी चार पावलांवर. डब्यावर मालकांचं नाव कोरलेलं, आपल्याकडे भांड्यावर कोरतात तसं. तिने जाऊन धोतर उचललं असतं तरी पुरे होतं. ती म्हणत होती, आय डोन्ट नो. अक्का येईल, मग अक्का सांगेल. का वाट बघत होती माझी? मला वाटतं, एवढ्यासाठीच – अक्काची वस्तू आहे, अक्काला विचारल्याशिवाय कशी दाखवायची. मी जिन्याच्या तोंडाशी दिसले तेव्हा तिचा चेहरा असा सुटला, जसा ताप उतरल्यावर सुटतो. "अक्का!" म्हणाली.

नागराजण्णा माझ्याकडे वळले. माणूस वाईट नाही. मालक गेले तेव्हा सगळी धावपळ त्यांनीच केली होती. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही सगळ्या देशांचं करता. इथे दुसऱ्या कुणाला काय समजणार? तुम्हीच सांगा, ह्यांच्याकडे असं काही असतं का? इतका घाण वास?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे. ज्यांनी माझ्या हातचं इतकी वर्षं खाल्लं नव्हतं आणि आता खात होते, ते सगळे. आणि माझ्या डोक्यात एकच आलं – उद्यापासून ह्यांनी पुन्हा खाल्लं नाही तर? वास माझ्या डब्याचा आहे असं कळलं, की मग तो दाण्यांचा राहणार नव्हता. तो माझ्या घरचा, माझ्या जातीचा, माझ्या बंद खिडक्यांचा होणार होता. दिवाळीचा डबा परत पिशवीत जाणार होता.

मी म्हणाले, "असतं."

एवढ्यावर थांबले असते तरी – पण नाही थांबले. मी म्हणाले, "बिया आंबवतात हे लोक. फार वास येतो. हिची आजीच करते, हिनेच मला सांगितलंय." कन्नडमध्ये सांगितलं. आणि त्यांना नीट समजावं म्हणून मी नाक दाबून दाखवलं आणि मुठीने कुटून दाखवलं.

कळलं ना मी काय केलं? मला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही. प्रत्येक शब्द खरा होता. त्या मुलीने दोरीजवळ उभं राहून, घरची आठवण दाटून आल्यावर मला जे दिलं, तेच मी उचलून त्यांच्या हातात ठेवलं.

बिसीला कन्नड येत नव्हतं. पण त्या खुणा तिच्याच होत्या. तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग टाकीकडे. मग माझ्याकडे. मला वाटलं आता जाते आणि धोतर ओढते. ती हलली नाही. तिने मान खाली घातली आणि बाहेर फेकलेले कपडे एकेक उचलून घडी घालायला लागली.

वत्सला म्हणाली, "घ्या! मी म्हणत नव्हते?" कुणीतरी म्हणालं, "अक्काच सांगतायत म्हटल्यावर संपलं." नागराजण्णांनी तिला आठवडाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितली, तेही हळू आवाजात, त्यांना बरं वाटत नव्हतं. बरं न वाटणारे तेच एकटे होते. मला? मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. आधी सुटकाच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्याशी डबा. घासलेला, पुसलेला, पालथा, शेजारी झाकण. लिंबाच्या सालीने घासला असावा, तसा वास होता. धोतरही धुऊन घडी केलेलं. माझी सगळी घाण तिने स्वतःच्या हाताने काढली आणि कचऱ्याच्या गाडीत नेऊन टाकली. वत्सलाने ते गॅलरीतून बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, "बघा, मी डोळ्यांनी बघितलं, घमेलंभर सडका माल नेऊन टाकला तिने." दुपारपर्यंत वास गेला. म्हणजे आता शंकाच उरली नाही. माझा शब्द खरा ठरला, तो तिच्याच कष्टाने.

ती चार-पाच दिवस वर होती अजून. पावलं ऐकू यायची, पण हळू – मला वाटतं अनवाणी चालायची. मी जिन्यात तिची चाहूल घेऊन मग बाहेर पडायची. कॉलेजची वेळ मला पाठ होती, ती टाळायची. बाजारात जायचं तर ती गेली की मग. ह्या वयात चोरासारखी.

जायच्या दिवशी दुपारी तिने माझं दार वाजवलं. मी गॅसजवळ होते, हातात उलथनं. तसंच हातात धरून दारापर्यंत आले. आतल्या बाजूला उभी राहिले. ती म्हणाली, "अक्का?" एकदाच. मोठ्या आवाजाची मुलगी, पण इतक्या हळू. माझ्यात आणि तिच्यात लाकडाची एक फळी. तिला काय म्हणायचं होतं? शिव्या द्यायच्या होत्या? नुसतं बाय म्हणायचं होतं? का विचारायचं होतं, का म्हणून? मला कळणार नाही कधी. मी कडी काढली नाही. मग तिची बॅग एकेका पायरीवर आपटत खाली गेली. तिला बॅग उचलू लागायला बिल्डिंगमधलं कुणी गेलं नाही. मला वॉचमनने सांगितलं, कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं, रिक्षावाल्याशी बोलत बराच वेळ उभी होती.

मी तिला शोधलं नाही. तिच्या कॉलेजचं नाव मला माहीत होतं. नंबर टॅबमध्ये होता, मुलाकडून लावून घेता आला असता. नाही केलं. गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. गुडघे तेव्हाही दुखत होते जेव्हा मी पेंढ्यासाठी चिकपेटात गेले होते.

रविवार चालू आहेत. बंद करीन असं वाटलं होतं, नाही केले. वत्सला आता भांडं घेऊन स्वतः येते, "अक्का, थोडं जास्त घाला, पाहुणे आलेत." माझ्या हातचं खातात सगळे. मला जे राखायचं होतं ते मी राखलं. मी एकटी जेवते. पातेल्याच्या तळाला लागलेलं आता पाणी घालून भिजवते आणि कामवालीला घासायला देते.

गच्चीवरच्या खोलीत आता पुण्याचं जोडपं आलंय. दोघं कम्प्युटरवाले, दिवसभर त्याच खोलीतून काम करतात. मुलगी गोड आहे. मराठी बोलायला मिळतं म्हणून खाली येते. मला आजी म्हणते, माझ्या मराठीला हसते – "आजी, किती क्यूट बोलता तुम्ही, अर्धं मला कळतच नाही!" येते, पण दारातच उभी राहते, हातात फोन. मागच्या रविवारी मी तिला पोर्तुगालचा डबा भरून देत होते. जिन्यात कुणी नव्हतं. वत्सलाचं दार बंद, ते लोक लग्नाला गेलेले. नागराजण्णा आता मुलीकडे असतात. ती म्हणाली, "आजी, एक विचारू? समोरच्या आंटी सांगत होत्या, आमच्या रूममध्ये आधी कुणी आफ्रिकन मुलगी होती, ती काहीतरी भयंकर सडवून खायची म्हणे. एवढा वास की सगळ्यांनी तिला काढलं. खरं आहे का हो? का उगाच आपलं?"

विचारताना तिचा चेहरा असा होता की तिला ते खरं वाटत नव्हतं. मी नाही म्हणावं, म्हणूनच ती विचारत होती. गर्दी नव्हती. भाषेची अडचण नव्हती. माझ्या हातचं ही मुलगी काहीही झालं तरी खाणार होती. तिला माझी जात माहीत नाही आणि माहीत झाली तरी फरक पडला नसता. भ्यायचं असं काही समोर नव्हतंच.

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "हो. फार वास यायचा."